गल्ल्यावरचा माणूस

प्रस्तावना

दुकानातून वस्तू घेतल्यावर आपण पैसे कोणाला देतो? आजवर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : गल्ल्यावर बसलेल्या माणसाला. आता काही मोठ्या दुकानांत हा माणूसच दिसेनासा होत आहे. ग्राहकाने स्वतः वस्तूंची नोंद करायची, स्वतः बिल काढायचे आणि यंत्रापुढेच पैसे भरायचे, अशी पद्धत तेथे आली आहे. तिला ‘सेल्फ चेकआउट’ असे म्हणतात. ही सोय आहे की गैरसोय, याविषयी ग्राहकांत दोन मते आहेत. प्रस्तुत पाठात या दोन्ही मतांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• खरेदीच्या पद्धतीत होत गेलेले बदल सांगू शकाल;
• एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडू शकाल;
• वस्तुस्थिती आणि मत यांतील फरक ओळखू शकाल;
• ग्राहक म्हणून असलेले काही हक्क सांगू शकाल.

मूळ पाठ

(१) छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईजवळ, अहिवारा हे छोटे शहर आहे. भिलाई पोलाद कारखान्यासाठी जेथून चुनखडी काढली गेली, त्या नंदिनीच्या खाणी याच परिसरात आहेत. कारखान्यामुळे देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे या भागात आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा गावातील किराणा दुकानात दुकानदारच तराजू धरतो, बेरीज करतो आणि गल्ला सांभाळतो. महिनाअखेरीस पैशांची चणचण असेल, तर उधारी वहीत मांडून घेतो. ग्राहकाला अक्षरओळख नसली तरी त्याचे काही अडत नाही; तोंडी हिशेब समजावून सांगणारा माणूस समोर असतो.

हेच ग्राहक सणासुदीला मोठ्या शहरातील मोठ्या दुकानात जातात, तेव्हा चित्र बदलते. तेथे माल आपणच उचलून ट्रॉलीत ठेवायचा असतो. मात्र शेवटी बिल करायला कॅशियर असतो. हा कॅशियरही नसणे, हा या बदलाचा पुढचा टप्पा होय.

(२) हा बदल एका दिवसात झालेला नाही. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान उघडले. तोपर्यंत ग्राहक यादी देत असे आणि नोकर फळीवरून माल काढून देत असे. साँडर्स यांनी ग्राहकालाच फळीपर्यंत जाऊ दिले. माल काढून देण्याचे काम अशा रीतीने ग्राहकाकडे आले.

दुसरा टप्पा बारकोडचा. वेष्टणावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा संकेत दुकानात प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी. वस्तू होती च्युइंगमचे पाकीट. भारतातील संस्थेकडे नोंदलेल्या बारकोडचे पहिले तीन अंक ८९० असतात. घरातील साबणाच्या वेष्टणावर ते पाहता येतील. वस्तूची किंमत लक्षात ठेवण्याचे काम आता यंत्राकडे गेले. मग हे यंत्र ग्राहकाच्याच हाती का देऊ नये, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

(३) स्वतः बिल करण्याच्या यंत्राचे काम असे चालते : ग्राहक प्रत्येक वस्तूचा बारकोड यंत्रापुढे धरतो. पडद्यावर नाव आणि किंमत उमटते. अनेक यंत्रांत पिशवीखाली वजनकाटा असतो. नोंदलेल्या वस्तूचे वजन आणि पिशवीत पडलेले वजन जुळले नाही, तर यंत्र थांबते आणि मदतनिसाला बोलावते. सुट्या भाजीला बारकोड नसतो. अशा वेळी पडद्यावरील चित्रांतून कांदा किंवा टोमॅटो निवडावा लागतो. कोठे कोठे वस्तूला लावलेल्या इवल्याशा चिपमुळे सगळी टोपली एकदम मोजली जाते.

(४) या यंत्रांची बाजू घेणारे ग्राहक प्रथम वेळेचा मुद्दा मांडतात. दोन वस्तू घेणाऱ्याला भरगच्च ट्रॉलीच्या मागे ताटकळत उभे राहावे लागत नाही. प्रत्येक किंमत डोळ्यांसमोर उमटते, त्यामुळे चूक तत्काळ कळते. सुट्या पैशांऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवण्याची गल्ल्यावरील सवय आपल्या परिचयाची आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने पैशापर्यंत अचूक रक्कम देता येते, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

विरोध करणारे ग्राहक विचारतात : काम आम्ही करायचे, तर सवलत कोठे आहे? पडद्यावरील इंग्रजी वाचता न येणाऱ्याने, अधू दृष्टीच्या वृद्धाने, रोख पैसे घेऊन आलेल्या मजुराने काय करावे? यंत्र अडले की मागचे लोक पाहू लागतात आणि प्रामाणिक माणसालाही अपराध्यासारखे वाटते. याहून मोठा मुद्दा रोजगाराचा आहे. जेमतेम दहावी झालेल्या अनेक तरुण-तरुणींची पहिली नोकरी बिलाच्या खिडकीवर सुरू होते. ती पायरीच काढून घेतली, तर पुढचा जिना त्यांनी कसा चढावा?

(५) दुकानांतील ही यंत्रे आपल्याकडे अद्याप नवी असली, तरी माणसाच्या खिडकीशेजारी यंत्र उभे राहण्याचा अनुभव मुंबईच्या लोकल प्रवाशांना जुना आहे. तेथील स्थानकांवर आधी कूपनांवर शिक्का उमटवणारी यंत्रे आली. पुढे ती मागे पडली आणि स्मार्ट कार्डावर तिकीट देणारी यंत्रे आली. नंतर मोबाइलवरूनही तिकीट मिळू लागले. रांगा कमी व्हाव्यात, हा हेतू होता. मात्र यंत्र हाताळणे सर्वांनाच जमेना. तेव्हा रेल्वेने यंत्रांजवळ साहाय्यक नेमले. त्यांत सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी होते; तिकीटविक्रीवर त्यांना कमिशन मिळू लागले. म्हणजे यंत्राचा उपयोग व्हावा, म्हणून यंत्रापाशी पुन्हा माणूसच उभा राहिला. यंत्रे वाढली, तरी तिकीटखिडकीही राहिली.

(६) परदेशांतही काही दुकानांनी फेरविचार केला. उत्तर इंग्लंडमधील ‘बूथ्स’ या दुकानमालिकेने २०२३ साली आपल्या २८ पैकी दोन दुकाने वगळता सर्वत्र अशी यंत्रे काढून टाकण्याचे ठरवले. नेदरलँड्समधील ‘जंबो’ या दुकानमालिकेने २०१९ साली ‘गप्पांचा गल्ला’ सुरू केला. ज्यांना घाई नाही आणि दोन शब्द बोलायचे आहेत, त्यांच्यासाठी ही मुद्दाम संथ ठेवलेली रांग. एकाकी वृद्धांना दिवसाकाठी कोणाशी तरी बोलता यावे, हा तिचा हेतू.

(७) या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र आल्याने गल्ल्यावरचे काम नाहीसे झाले नाही. त्यातील मोठा वाटा ग्राहकाच्या खांद्यावर आला. ज्याला तो झेपतो, त्याला यंत्र ही सोय वाटते. ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी तीच अडवणूक ठरते. म्हणून यंत्र असावे की नसावे, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. यंत्राशेजारी माणसाची एक खिडकी उघडी आहे का, हेही विचारले पाहिजे. निवडीला वाव असेल, तेव्हाच सोय ही खरी सोय ठरते.

बिल माणसाने करो वा यंत्राने, ग्राहकाचे हक्क तेच राहतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वेष्टणावरील कमाल किरकोळ किंमतीत सर्व कर समाविष्ट असतात. त्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. यंत्रातून निघालेली पावती म्हणूनच वाचून पाहावी आणि जपून ठेवावी.

शब्दार्थ

गल्ला – दुकानातील पैसे ठेवण्याची पेटी
चणचण – टंचाई, तुटवडा
वेष्टण – वस्तूभोवतीचे आवरण
ताटकळणे – वाट पाहत खोळंबून राहणे
अनुचित – योग्य नसलेले

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य पर्याय निवडून वाक्ये पूर्ण करा.
(अ) ‘पिग्ली विग्ली’ दुकानात ................ काम ग्राहकाकडे आले. (बिल करण्याचे / माल काढून घेण्याचे)
(आ) वजन न जुळल्यास यंत्र ................ बोलावते. (मदतनिसाला / ग्राहकाला)

२. पुढील विधाने वस्तुस्थिती सांगतात की मत, ते लिहा.
(अ) बारकोड दुकानात प्रथम १९७४ साली वाचला गेला.
(आ) निवडीला वाव असेल, तेव्हाच सोय ही खरी सोय ठरते.

स्वाध्याय

१. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील अनुभवातून कोणती गोष्ट लक्षात येते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या तीन व्यक्तींना या यंत्रांविषयी विचारा. त्यांची मते आणि त्यांमागील कारणे लिहा.
३. एका दुकानाने कॅशियरच्या सर्व खिडक्या बंद केल्या आहेत, अशी कल्पना करा. निदान एक खिडकी सुरू ठेवावी, अशी विनंती करणारे पत्र व्यवस्थापकांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) माल काढून घेण्याचे (आ) मदतनिसाला
२. (अ) वस्तुस्थिती (आ) मत