रोहित्राचा गाभा : खरेदीची किंमत आणि वापराची किंमत

वीज वितरणातील गळतीचा विषय निघाला की चर्चा बहुधा वीजचोरी, थकबाकी आणि जुनाट तारांभोवती फिरते. गावाच्या वेशीवर किंवा शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या वितरण रोहित्रात, कोणीही चोरी न करता, सतत वीज खर्ची पडत असते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हा खर्च किती होणार, हे रोहित्राचा गाभा कोणत्या चुंबकीय पदार्थाचा आहे यावर बऱ्याच अंशी ठरते. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न म्हणूनच सार्वजनिक खरेदीच्या अर्थशास्त्राचाही आहे.

हानीचे दोन प्रकार

रोहित्रात ऊर्जा दोन ठिकाणी वाया जाते. वेटोळ्यांच्या तारांतील हानी भारावर अवलंबून असते. प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट होते. गाभ्यातील हानी मात्र भार असो वा नसो, रोहित्राला वीजपुरवठा सुरू असेपर्यंत जवळजवळ सारखीच राहते. तिचे प्रमुख घटक दोन. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्याने गाभ्यातील चुंबकनाची दिशा सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते. ही दिशा वारंवार उलटवण्यात खर्च होणारी ऊर्जा म्हणजे शैथिल्य हानी. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे खुद्द गाभ्याच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात व धातू तापतो. ही आवर्त प्रवाह हानी.

कामानुसार पदार्थ

लोखंडात सुमारे 3 टक्के सिलिकॉन मिसळल्यास त्याचा विद्युतरोध वाढतो आणि आवर्त प्रवाह घटतात. गाभा अखंड न ठेवता एकमेकांपासून विद्युतरोधित केलेल्या पातळ पत्र्यांचा केल्यास ते आणखी घटतात. अमेरिकेतील नॉर्मन गॉस यांनी 1934 मध्ये एकस्व मिळवलेल्या पद्धतीमुळे पोलादातील स्फटिककण पत्रा लाटण्याच्या दिशेने रचता येऊ लागले. त्यातून पुढे आलेले ‘सीआरजीओ’ पोलाद आज रोहित्रांत सर्वत्र वापरले जाते. त्याचे पत्रे साधारणपणे 0.23 ते 0.35 मिलिमीटर जाडीचे असतात.

दुसरा पर्याय अॅमॉर्फस, म्हणजे अस्फटिकी मिश्रधातूचा. लोह, बोरॉन व सिलिकॉन यांचा वितळलेला रस सेकंदाला सुमारे 10 लाख अंश या वेगाने थंड केला की स्फटिक बनण्यास अवधीच मिळत नाही. तयार होणारी फीत जेमतेम 0.025 मिलिमीटर जाड असते आणि तिच्यातील हानी सीआरजीओच्या साधारण एक-तृतीयांशापर्यंत खाली येते. उणीव अशी की, ती ठिसूळ असते. शिवाय सीआरजीओ सुमारे 2 टेस्लापर्यंत चुंबकित होते, तर ही फीत सुमारे 1.56 टेस्लालाच संपृक्त होते. त्यामुळे गाभा मोठा करावा लागतो आणि किंमत वाढते.

काम बदलले की पदार्थही बदलतो. संगणकाच्या वीजपुरवठा संचात वारंवारता हजारो हर्ट्झची असते. तेथे अतिशय उच्च रोधाचे फेराइट योग्य, जरी त्याची संपृक्तता साधारण अर्ध्या टेस्लाच्या आत असली तरी. इंडक्टरमधून मोठा एकदिश प्रवाह जात असल्यास गाभा संपृक्त होऊ नये म्हणून त्यात हवेची फट ठेवतात किंवा लोहचूर्णाचा गाभा घेतात. भंगार उचलणाऱ्या यारीच्या विद्युतचुंबकात प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याने तेथे अल्प कार्बनयुक्त मृदू लोखंड पुरते. सर्व कामांसाठी सर्वोत्तम असा एकच पदार्थ नाही.

एक उदाहरण

समजा, 100 केव्हीए क्षमतेच्या दोन रोहित्रांपैकी सीआरजीओ गाभ्यातील हानी 170 वॅट आणि अॅमॉर्फस गाभ्यातील 70 वॅट आहे. तारांतील हानी सारखीच असून दुसरे रोहित्र 30,000 रुपयांनी महाग आहे. आयुष्य 25 वर्षे, विजेचा दर युनिटला 6 रुपये आणि व्याजदर 10 टक्के धरू.

वीजपुरवठा चोवीस तास असेल, तर वर्षाचे 8,760 तास धरून 876 युनिट, म्हणजे 5,256 रुपये वाचतात. पंचवीस वर्षांच्या या बचतीचे आजचे मूल्य सुमारे 47,700 रुपये होते. महाग रोहित्र येथे स्वस्त ठरते.

आता तेच रोहित्र केवळ शेतीपंपांच्या स्वतंत्र वाहिनीवर बसवले आणि पुरवठा दिवसाला 8 तासच असला, तर वार्षिक बचत 1,752 रुपये आणि तिचे आजचे मूल्य सुमारे 15,900 रुपये होते. येथे अधिकचे 30,000 रुपये भरून निघत नाहीत. या उदाहरणात दोन्ही पर्याय समसमान होण्यासाठी रोज सुमारे 15 तास पुरवठा हवा. गुजरातच्या 2003 मधील ज्योतिग्राम योजनेने आणि केंद्राच्या 2014 मधील दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजनेने शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्यावर भर दिला. त्यामुळे हा फरक केवळ वहीतला राहिलेला नाही.

धोरणाचा पैलू

ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन वितरण रोहित्रांना 2010 पासून अनिवार्य झाले. भारतीय मानक 1180 च्या 2014 च्या आवृत्तीत 50 व 100 टक्के भारावरील एकूण हानीच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. परंतु मर्यादा एकूण हानीची असल्याने, गाभ्यातील हानी कमी की तारांतील, याचा विचार खरेदीदारालाच करावा लागतो.

अडचण हिशेबाच्या रचनेत आहे. रोहित्राची किंमत भांडवली खर्चात, अनेकदा अनुदानातून, एकदाच दिसते. हानी मात्र वर्षानुवर्षे महसुली खर्चात विरघळते आणि वीजदरातून ग्राहकाच्या माथी येते. केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली, तर हा दुसरा खर्च तुलनेत येतच नाही. उपाय ज्ञात आहे : निविदेतील किमतीत दोन्ही हानींचे आजचे मूल्य मिळवून येणाऱ्या एकूण खर्चावर तुलना करणे. मात्र त्यासाठी पुरवठ्याचे तास आणि भार यांची त्या-त्या वाहिनीची खरी नोंद हवी.

सरावासाठी प्रश्न : वरील उदाहरणात विजेचा दर 6 ऐवजी 9 रुपये धरल्यास 8 तासांच्या वाहिनीसाठी निर्णय बदलेल काय? आकडेमोडीसह स्पष्ट करा.