झाडाच्या मापाची कुंडी

'बोन्साय' हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणी. चीनमध्ये उदय पावलेली ही कला पुढे जपानमध्ये बहरली. तिच्या नावातच पात्राचा उल्लेख प्रथम येतो. तेव्हा कुंडीची निवड ही या कलेतील दुय्यम बाब मानता येणार नाही.

वड, पिंपळ यांप्रमाणे मांसल झाडांचेही बोन्साय करतात. दक्षिण आफ्रिकेतून आलेले जेड हे त्यांपैकी एक. आपल्या परिचयाची पानफुटी त्याच कुळातील आहे. या झाडांच्या जाड पानांत व खोडात पाण्याचा साठा असतो. अवर्षणाची शिदोरी त्यांनी जणू अंगावरच बांधून घेतलेली असते. म्हणूनच त्यांना तहानेचे भय थोडे आणि ओलीचे भय फार. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली, की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते. मुळे गुदमरतात, कुजतात आणि ती कूज खोडात चढते. पाने मलूल दिसू लागताच माळी तहान समजून आणखी पाणी घालतो. वर्षानुवर्षे जपलेले झाड अशा रीतीने मायेपोटीच प्राणास मुकते.

हा अनर्थ टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे योग्य मापाची कुंडी. संस्कृतात वृक्षाला 'पादप', म्हणजे पायांनी पिणारा, असे म्हटले आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे माणसासाठी ठीक. झाडाच्या बाबतीत मात्र पाय पाहून अंथरूण निवडावे लागते! मुळांचा गड्डा आणि कुंडीची कड यांमध्ये एक-दोन बोटांचे अंतर पुरते. कुंडी फार मोठी घेतली, तर मुळांना न शोषवणारी ओल मातीत साचून राहते.

खोलीचा विचार अधिक सूक्ष्म आहे. त्यासाठी एक प्रयोग करा. स्पंजाचा लांबट तुकडा पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तोच तुकडा उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. तुकडा तोच, उंची तेवढी वाढली. कुंडीतही पाणी निथळल्यावर तळाशी एक ओला थर उरतो. त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसून मातीच्या पोतावर अवलंबून असते. खोल कुंडीत तो थर बहुतेक मुळांच्या खाली राहतो. उथळ तबकात मात्र मुळे त्यातच बुडतात. म्हणून उथळ कुंडी घ्यायची असेल, तर जाड वाळू, विटांचे बारीक खडे असे भरड मिश्रणच वापरावे. बारीक मातीखाली खड्यांचा थर दिल्याने काम भागत नाही. ओला थर खड्यांच्या वर सरकतो, एवढेच.

कुंडीच्या तळाला मोठी छिद्रे हवीत आणि त्यांवर जाळीचा तुकडा हवा. तळाला पाये असले, तर पाणी अडत नाही व हवा खेळते. बिनछिद्राचे पात्र कितीही देखणे असले, तरी ते वर्ज्य मानावे.

आता कुंडी कशाची असावी, ते पाहू. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी हवेत उडून जाते, हे आपण उन्हाळ्यात पाहतो. बिनझिलईच्या भाजक्या कुंडीतही तसेच घडते व माती लवकर सुकते. कोकणातील दमट हवेत हा गुण मोलाचा ठरतो. कोरड्या हवेच्या प्रदेशात झिलईदार कुंडीही चालते. वजनही पाहावे. जेडचा माथा पाण्याने जड असतो आणि मुळे वरवरची असतात. हलक्या कुंडीत ते सहज कलंडते.

रूपाचा विचार यानंतर येतो. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश आणि खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी असावी, असा बोन्सायकारांचा ढोबळ दंडक आहे. मांसल झाडाला खोली त्याहून किंचित अधिक द्यावी. रंग सौम्य असावा. प्रथम दृष्टी झाडाकडे जावी, कुंडीकडे नव्हे.

नव्या कुंडीत झाड कोरड्या मातीत बसवावे. कापलेल्या मुळांच्या जखमा सुकेपर्यंत, सुमारे आठवडाभर, त्याला पाणी देऊ नये. ऐन पावसाळ्यात ही उठाठेव करूच नये.

ज्याचे पालन करावयाचे, त्याची गरज आधी ओळखावी. आपली हौस मागाहून पुरवावी. हे ज्याला साधले, त्याच्या हातचे झाड वाढत्या वयाबरोबर अधिकच डौलदार होते.

शब्दार्थ
अवर्षण – पाऊस न पडणे
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न
वर्ज्य – टाळण्याजोगे
दंडक – नियम, प्रघात

प्रश्न
१. मांसल झाडांना तहानेपेक्षा ओलीचे भय अधिक का असते?
२. स्पंजाच्या प्रयोगावरून कुंडीच्या खोलीविषयी काय समजते?
३. 'मायेपोटीच प्राणास मुकते' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणीचा अर्थ सांगा. लेखकाने ती कशी फिरवली आहे?