भात, नारळ आणि शेळी एका वाडीत नांदतील का?

प्रश्न : समुद्रकाठच्या पालीत, महापालिकेच्या हद्दीत, घरामागे आमची वीसेक गुंठे जागा आहे. थोडं भाताचं खाचर आणि काही नारळ, एवढंच. पावसाचा आता भरवसा नाही. पीक, झाडं आणि जनावरं एकत्र केली तर खरंच आधार होतो, की तिन्ही अर्धवट राहतात?

उत्तर : आधार होतो, पण तिन्ही नुसती शेजारी ठेवून नाही. एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या पोटात गेलं पाहिजे. पेंढा जनावराला, लेंडीखत नारळाला, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात. हा फेरा तुटला की ते तीन वेगळे धंदे होतात आणि तिन्हींचा खर्च तुमच्याच माथी येतो.

याचा आपल्याकडचा उत्तम दाखला जव्हारच्या डोंगरात आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसदा भागातल्या आदिवासी कुटुंबांसोबत ‘वाडी’ सुरू केली. पुढे ती जव्हारला आली आणि नाबार्डने तिला देशभर नेलं. एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं, ओळींच्या मधे धान्य नाहीतर भाजी, कुंपणाला जळण-चाऱ्याची झाडं. कलमाचं उत्पन्न हाती यायला चार-पाच वर्षं जातात; तोवर मधलं पीक घर चालवतं. मला या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की माणूस वाट पाहू शकतो.

उलट नुसत्या बागेचं काय होतं, ते ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने रायगडात दाखवलं. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळ-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या आणि सुपारी तर नव्याने लावल्यावर पाच-सहा वर्षांनी धरते. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, त्यांचं उत्पन्न तेवढी वर्षं गेलं. तुम्हीही समुद्रकाठचेच, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तुमच्या जागेत मी भात सोडणार नाही. खाचरात खारं पाणी शिरत असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या क्षारसहनशील भाताच्या जाती लावा. उंचवट्यावर नारळ, त्याखाली केळी आणि अळू. कडेला शेवगा आणि शेवरी. गाय-म्हैस घेण्याआधी महापालिकेकडे परवान्याची चौकशी करा, शहरात तो लागू शकतो. कोंबड्या आणि दोन शेळ्या या जागेला पुरे. कोकणच्या पावसाला कोकण कन्याळ जात मानवते. मात्र शेळी मोकळी सोडू नका. एका दुपारी ती वर्षभराची रोपं खाऊन टाकते. गोठ्यात बांधा, शेवरी कापून घाला आणि पावसाळ्यात तिच्या पायाखाली कोरडी फळी असू द्या.

समुद्रकाठी असल्याने तुमच्या गावाजवळ आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे मासळी. तिचा टाकाऊ भाग नारळाला फार चांगलं खत होतो. फक्त मिठात घातलेली मासळी वापरू नका आणि खड्ड्यात नीट पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

सगळं एकाच वर्षी करू नका. आधी कुंपण आणि चाऱ्याची झाडं, मग शेळ्या. आणि नवं झाड लावण्यापूर्वी मे महिन्यात विहिरीच्या पाण्याचा खारटपणा तपासून घ्या. किनाऱ्यावर पाणी सर्वांत खारट होतं ते तेव्हाच.