सरासरीबरोबर पसाराही सांगा

नॅनोस्फटिकी, म्हणजे नॅनोमीटरांत मोजायच्या स्फटिककणांनी बनलेल्या, धातूंवर काम सुरू केलेले विद्यार्थी पहिला निकाल घेऊन येतात, तेव्हा वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "सर, कणांचा आकार २० नॅनोमीटर आलाय." मी विचारतो, "सगळ्यांचा?" या एका प्रश्नाभोवती प्रयोगशाळेत जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. हॉल-पेच नियम पाठ करण्याआधी त्यामागचं कारण समजून घ्या. ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कण बारीक होत गेले की धातूची ताकद वाढते. धातू वाकतो तो डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतले रेषीय दोष, सरकल्यामुळे, आणि दोन कणांमधली कणसीमा त्यांची वाट अडवते. पण सूत्रात व्यासासाठी एकच अक्षर असतं. खऱ्या नमुन्यात हजारो वेगवेगळे व्यास असतात; हाच तो पसारा.

२. कण मोजू नका, त्यांनी व्यापलेली जागा मोजा. मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा हाच. २० नॅनोमीटरचे हजार कण घ्या आणि त्यांत २०० नॅनोमीटरचा एकच टाका. संख्येनुसार सरासरी जेमतेम २०.२ होते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण व्यास दहापट म्हणजे आकारमान हजारपट. त्या एकट्या कणानं निम्मा धातू व्यापला! ताण वाढला की आधी तोच नमतो. म्हणून सरासरी तीच असूनही पसारा रुंद असलेला नमुना कमी ताणावर वाकू लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या दोन-चार चित्रांत असा कण सापडेलच याची खात्री नसते, त्यामुळे चित्रं वेगवेगळ्या जागांची घ्या. क्ष-किरण विवर्तनातल्या शिखराच्या रुंदीवरून कणांच्या आकाराचा एकच आकडा मिळतो. पसारा तिथे सहज झाकला जातो.

३. फार बारीक कणही मऊ असतात. शियोट्झ आणि याकोबसेन यांनी २००३ मध्ये संगणकीय प्रतिरूपात दाखवलं की तांब्याची ताकद १० ते १५ नॅनोमीटरच्या आसपास शिखर गाठते. त्याखाली कण सीमांवर घसरू लागतात. सरासरी नेमकी या शिखरावर आणि पसारा रुंद, असं असेल तर दोन्ही टोकांचे कण ताकद खाली ओढतात.

४. पसारा नेहमी वैरी नसतो. २००२ मध्ये वांग, मा आणि सहकाऱ्यांनी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला लाटलेलं तांबं थोडं तापवलं. बारीक कणांत सुमारे २५ टक्के जागा मोठ्या कणांनी घेतली. हा धातू साध्या तांब्याच्या कित्येक पट बळकट राहिला आणि न तुटता चांगला ताणलाही गेला. नुसतं बारीक कणांचं तांबं इतकं ताणलं जात नाही. तिथला पसारा मुद्दाम घडवलेला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

५. मोजमाप लांबवू नका. अतिशुद्ध नॅनो तांब्यातले कण खोलीच्या तापमानालाही वाढू शकतात.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सरासरीच्या शेजारी प्रमाण विचलन आणि आकारमानानुसार काढलेला आयतालेख नसेल, तर ताकदीचा आकडा स्वीकारू नका.