गुंठाभर वन

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात आरंभीच वनाचे पर्याय दिले आहेत. त्यांत 'गहन' हा एक शब्द आहे. ज्यात सहजी शिरता येत नाही, ते गहन. तेथेच पुढे 'आराम' शब्द येतो. त्याचा अर्थ विसावा नव्हे; माणसाने लावलेले वन तो आराम. हल्ली शहरांतून 'घनवन' किंवा 'मियावाकी वन' म्हणून जे लावतात, त्यात हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. लावलेले, आणि तरीही गहन.

मियावाकी हे झाडाचे नाव नव्हे, बरं का. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे जपानातील वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या देशातही देवळाभोवती राखलेली झाडी असते, तिला कोणी कुऱ्हाड लावीत नाही. शहरे वाढली, डोंगर इमारती लाकडाच्या झाडांनी भरले. भूमीची मूळची झाडे कोणती, याची साक्ष द्यायला बहुतेक ठिकाणी देवळाची झाडीच उरली. मियावाकींनी ती बारकाईने पाहिली आणि १९७०च्या दशकापासून कारखान्यांच्या आवारात त्याच जातींची दाट वने उभी केली. आपल्याकडे अशा झाडीला देवराई म्हणतात. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तोही त्याच दशकात. म्हणजे नवी म्हणून आलेली ही विद्या देवाच्या दारातूनच निघाली आहे. आणि आम्ही काय करतो? जीर्णोद्धाराच्या नावाने देवराई तोडतो, फरशी घालतो, अन् मग तिच्यावर शोभेच्या कुंड्या मांडतो!

आता रीत ऐका. जागा एक गुंठा असली तरी पुरते. तीन फुटांपर्यंत जमीन खणून भुसभुशीत करावी, तीत कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळावे. मग चौरस मीटरला तीन-चार रोपे, म्हणजे गुंठ्यात तीनशेहून अधिक. ओळी धरायच्या नाहीत. उंच वाढणारे, मध्यम, लहान आणि झुडूप अशी सरमिसळ करावी. जांभळाशेजारी जांभूळ नको. जांभूळ, करंज, बेहडा, बहावा, कुडा, निर्गुडी, अडुळसा, करवंद अशी त्या त्या भागातलीच झाडे घ्यावीत. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. पाहुणे आहेत, येथे त्यांचे काम नाही. वर पेंढ्याचे जाड आच्छादन घालावे. दोन-तीन वर्षे पाणी घालावे, तण काढावे. पुढे काही करायचे नाही. पालासुद्धा झाडायचा नाही!

इतकी दाटी कशाला, असे कोणी विचारील. अहो, दाटीत प्रत्येक रोप उजेडासाठी वर धावते. जमिनीवर सावली पडते, तण उपाशी मरते, ओल टिकते. पाला तेथेच कुजून खत होतो. 'दहापट वेगाने वाढते' असे जाहिरातीत म्हणतात. तसल्या आकड्यांवर आम्ही विसंबत नाही. पण घामाने अंग गार होते तशी पानांतून निघणाऱ्या वाफेने भोवतालची हवा गार होते, धूळ पानांवर बसते, पावसाचे पाणी गटारात न जाता मुरते, हे खरे. १९९५ साली कोबे शहरी भूकंपानंतर आगी लागल्या, तेव्हा काही ठिकाणी सदाहरित झाडांच्या रांगांनी आग अडवल्याचे मियावाकींनी नोंदवले आहे. मुंबई महापालिकेनेही २०२० पासून अशी वने लावली. आळीतली पोरे, म्हातारी माणसे एकत्र येऊन रोपे लावतात, तेव्हा पोरांना कुडा कोणता अन् करंज कोणता हे कळते. हा लाभही लहान नाही.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. घनवनात दिंडी विसावत नाही, आत पाय ठेवायलाच जागा नसते. पालखीमार्ग रुंद झाला त्यात जुने वड गेले. त्यांची भरपाई म्हणून कोणी गुंठाभर घनवन दाखवील, तर ती मान्य करू नये. वडाच्या जागी वडच लावावा, दूर दूर लावावा. दुसरे असे की माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे. सोलापूरकडे नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे ते गवताळ माळाचेच. तेथले पक्षी, लांडगे, मेंढरे गवतावर जगतात. तसल्या माळावर घनवन लावणे हा उपकार नव्हे, उपद्रव आहे. शहरात, देवळामागे, धर्मशाळेच्या पडीक कोपऱ्यात, जेथे राडारोडा पडला आहे तेथे ते शोभते.

ज्यांना पुढल्या वर्षी लावायचे आहे त्यांनी रोपे आत्तापासून धरावीत. वारीच्या दिवसांत जांभळे मुबलक असतात. त्यांचे बी पुडीत बांधून ठेवू नये, ते वाळले की रुजत नाही. खाल्ल्यावर चार-आठ दिवसांत पिशवीत मातीखाली बोटाच्या पेराएवढे पुरावे आणि पिशवी सावलीत ठेवावी.