सव्वीस आट्यांचा घोळ

जुनी बीएसए, ट्रायम्फ किंवा नॉर्टन मोटारसायकल उघडायला घेतली की पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, नट-बोल्टचा असतो. एकाच गाडीत चार-पाच पद्धतींचे आटे सापडतात. पुण्यात अशा गाड्या दुरुस्त करताना जे उमगलं, ते असं:

१. पान्यावरचा आकडा म्हणजे तोंडाचं माप नव्हे. व्हिटवर्थ पान्यावर १/४ लिहिलेलं असतं ते बोल्टच्या व्यासाचं. आपले मिस्त्री ज्याला दोन सूत म्हणतात तेच हे, पण तोंड मोजलं तर चार सुतांहून थोडं जास्त, ०.५२५ इंच भरतं. बीएसएफ या बारीक आट्यांच्या पद्धतीत हाच पाना ५/१६ चा, म्हणजे अडीच सुताचा, म्हणून त्यावर दोन्ही आकडे कोरलेले असतात. या बोल्टला १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा लावला की कोपरे गोल होतात. व्हिटवर्थचा एक संच घ्याच, त्यात काटकसर नको.

२. बोल्ट कुठून निघाला ते आधी लिहून ठेवा. आटे मोजायचं गेज नंतर. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये जाड आटे, म्हणजे व्हिटवर्थ, कारण मऊ धातूत बारीक आटे उपटून येतात. फ्रेम, चाकांचे आस, पोलादी भाग इथे बारीक आटे. स्टडची दोन्ही टोकं मोजा. केसमध्ये जाणारं टोक व्हिटवर्थ आणि नटाकडचं बारीक, असं बऱ्याचदा असतं.

३. सगळ्यात जास्त घोळ १/४ इंचात आहे. व्हिटवर्थला इंचाला २० आटे, ते डोळ्यालाच कळतात. पण १९०८ चा बीएसएफ आणि सायकल इंजिनिअर्सनी १९०२ मध्ये ठरवलेला सीईआय, दोघांनाही २६. फरक फक्त कोनाचा: बीएसएफ ५५ अंश, सीईआय ६०. बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासा, ५५ अंशांच्या गेजचं २६ चं पातं आट्यांवर टेकवा आणि मागे बल्ब धरा. सगळीकडे काळोख दिसला तर बीएसएफ. दातांच्या उतारावर प्रकाशाची बारीक फट दिसली तर ६० अंशांचं पातं लावून बघा. व्यास कधीच पूर्ण ६.३५ मिमी भरणार नाही, ६.२ च्या आसपास आला तरी तो पाव इंचच.

मोठ्या मापांत हा त्रास नाही. ३/८ ला व्हिटवर्थ १६, बीएसएफ २०, सीईआय २६.

४. आता आपल्याकडचं खास दुखणं. २६ आट्यांची पिच ०.९७७ मिमी आणि साध्या ६ मिमी बोल्टची १ मिमी. त्यामुळे ६ मिमीचा बोल्ट त्या भोकात सहज फिरतो, थोडा हलतो, आणि खरा ताण आला की आटे घेऊन बाहेर येतो. आधीच्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही; त्या काळी दुकानात जे मिळालं ते त्याने बसवलं. मात्र सहज फिरला म्हणजे बसला असं धरू नका.

५. मॅग्नेटो, कार्बोरेटर, मीटर यांतले छोटे स्क्रू बहुधा बीए पद्धतीचे. इंग्लंडचीच पद्धत, पण मापं मिलिमीटरमध्ये आणि कोन ४७.५ अंश. ० बीए म्हणजे ६ मिमी व्यास आणि १ मिमी पिच. २ बीए ४.७ मिमीचा, पिच ०.८१. तिथे लोक ५ मिमीचा स्क्रू दाबून घालतात आणि पितळी आटे खलास करतात.

६. साठीच्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फ, बीएसए युनिफाइड आट्यांकडे वळले. बोल्टच्या डोक्यावर गोल किंवा बाजूंवर साखळीसारखी वर्तुळं दिसली तर तो युनिफाइड. त्या संक्रमणातल्या गाडीत एका बाजूला जुने, दुसऱ्या बाजूला नवे आटे निघू शकतात, तेव्हा वर्षावरून अंदाज बांधू नका.

७. आटे साफ करायला टॅप फिरवण्याआधी खात्री करा. चुकीचा टॅप अडत नाही, तो निमूटपणे नवे आटे पाडत जातो.

८. बोल्ट इंग्लंडहून मागवताना व्यास, इंचाला आटे, कोन, डोक्याखालची लांबी आणि आटे किती लांबीवर आहेत, हे सगळं लिहा. फोटोसोबत पट्टी ठेवा. नुसतं ‘ट्रायम्फचा पाव इंची’ लिहिलं तर विक्रेता उलट विचारेल, किंवा न विचारता काहीतरी पाठवेल.