वाढत्या अंगाचा हिशेब

तालुक्याच्या गावी मुलांना ॲथलेटिक्स शिकवण्यात हयात घालवलेले एक क्रीडाशिक्षक आहेत. नवा प्रशिक्षक भेटला की पदकांची चौकशी करण्याआधी ते विचारतात, उंची कशी मोजता? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: भिंतीवर खुणा केल्यात, तिथे उभं करतो. मग सर त्याच भिंतीच्या तळाशी असलेली स्कर्टिंगची पट्टी दाखवतात. तिच्यामुळे टाचा पुढे राहतात, मुलगा पाठीमागे रेलतो आणि आकडा चुकतो. मुलींचे वर बांधलेले केस, पायातले मोजे हेही आहेच. पण सगळ्यात जास्त घोळ घालते ती वेळ. दिवसभर उभं राहून आणि धावून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळी मोजलेलं पोर संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटकं भरतं. जूनमध्ये सकाळी मोजलं आणि सप्टेंबरात सराव आटोपल्यावर, तर मधल्या तीन महिन्यांची खरी वाढ या फरकातच बुडून जाते.

सरांनी काटेकोर मोजण्याची शिस्त लावून घेतली ती दोन मुलांमुळे.

पहिला तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेला. जिल्ह्याच्या स्पर्धेत शंभर मीटर, गोळाफेक, लांब उडी, जिथे उतरेल तिथे पहिला. गावात फ्लेक्स लागले. सतराव्या वर्षी त्याची वेळ जवळपास तिथेच होती आणि ज्यांना तो सहज मागे टाकायचा ती मुलं पुढे निघाली होती. सगळ्यांनी खापर मोबाइलवर फोडलं. सरांच्या वहीत टिपलेली उंची वेगळंच सांगत होती: त्याची वाढ बाराव्या-तेराव्या वर्षीच उरकली होती. इतरांची तेव्हा सुरूही झाली नव्हती.

दुसरा लांब उडीचा. चौदाव्या वर्षी तो उंचीत एकदम ताडमाड झाला आणि उडीचा रनअप बिघडला. पाय लांब झाले, पावलं जुन्याच खुणांवर पडेनात, फळीवर सतत फाउल. वडिलांना वाटलं पोरगं आळसावलंय. त्यांनी घरी वेगळा सराव सुरू केला, चढावर पळवणं, उड्या. महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं, जिना उतरताना कळ यायला लागली. डॉक्टरांनी निदान केलं ऑसगूड-श्लॅटर: मांडीचा स्नायू जिथे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, ती वाढीची जागा अजून कच्ची असते आणि तिच्यावर सारखा ताण पडत राहतो. मुलाचा अख्खा हंगाम गेला.

एकाच मुलाला वर्षानुवर्षं मोजत राहण्याची कल्पना काही नवी नाही. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ पासून १७७७ पर्यंत, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत, आपल्या मुलाची उंची नियमाने टिपली आणि निसर्गशास्त्रज्ञ बुफोंने ती छापली. त्या आकड्यांवरून वाढीच्या वेगाचा आलेख काढला तर पहिल्या वर्षानंतर उतरत गेलेली रेघ किशोरवयात एकदम उसळी घेते आणि मग शून्याकडे कोसळते. बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉल खेळणाऱ्या ३३ मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ही उसळी सरासरी १३.८ व्या वर्षी आली. त्या काळात मुलं वर्षाला ९.७ सेंटिमीटरच्या वेगाने वाढत होती, आणि वेग, उडी, दमश्वास यांतली सर्वात मोठी सुधारणाही त्याच सुमारास दिसली. म्हणजे चौदाव्या वर्षी वेळ सुधारली तर श्रेय प्रशिक्षकाचं किती आणि शरीराचं किती, हे उंचीची नोंद जवळ असल्याशिवाय सांगताच येत नाही. प्रशिक्षकांना हे ऐकायला आवडत नाही.

म्हणून सरांचा सल्ला साधा आहे. दर तीन महिन्यांनी, सकाळी, एकाच माणसाने मोजायचं. उभ्याची उंची, ठरलेल्या स्टुलावर बसवून बसल्याची उंची, आणि वजन. आधी पाय लांबतात, धड मागाहून. म्हणून दोन्ही उंचींमधला फरक झपाट्याने वाढायला लागला की उसळी जवळ आली असं समजावं. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर वाढ दिसली की उड्यांची संख्या कमी, चढावरचं पळणं बंद, आणि तंत्र, तोल, लवचिकता यांना जास्त वेळ. रनअपच्या खुणा तेव्हा दर पंधरवड्याला नव्याने मोजायच्या. वेळ बिघडली तर पालकांना वही दाखवायची. क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या मंडळाने कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या षटकांवर वयानुसार मर्यादा घातली आहे, कारण वाढत्या कमरेत ताणाने हाडाला चीर पडते. गावातल्या टेनिसबॉल स्पर्धांमध्ये मात्र चांगला टाकणारा पोरगा रविवारी तीन संघांकडून खेळतो, आणि ते कोणाच्याच वहीत येत नाही.

कामगिरीच्या आकड्यांचीही अशीच गंमत. हाताने दाबलेलं स्टॉपवॉच शंभर मीटरला इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा साधारण ०.२४ सेकंद कमी दाखवतं. शाळेच्या मैदानावर हाताने घेतलेली वेळ आणि बालेवाडीच्या ट्रॅकवर यंत्राने घेतलेली वेळ एकाच रकान्यात लिहिली, की पोरगं हळू झाल्यासारखं दिसतं. ऑगस्टमधल्या ओल्या मातीवरची धाव आणि डिसेंबरातली धाव यांची तुलना करणंही तसंच. नोंदीपुढे मैदान, घड्याळ आणि महिना लिहायला मिनिटसुद्धा लागत नाही.

वयाची गोष्ट जरा नाजूक. कॅनडातल्या आइस हॉकीत जानेवारीत जन्मलेली मुलं संघांमध्ये डिसेंबरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, हे १९८५ मध्येच दाखवून दिलं गेलं. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडत असल्यामुळे वर्षभराने मोठं पोर नजरेत भरतं. आपल्याकडे आधी जन्मतारीखच खरी असावी लागते. शाळेच्या दाखल्यावर १ जून लागलेल्या पिढ्या अजून आपल्यात आहेत, आणि वयोगटात बसवण्यासाठी तारीख मागे-पुढे करणारेही. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय ठरवते. पण या वयाची आपल्याकडे चर्चा होते ती चोरी पकडण्यापुरतीच. उशिरा वाढणाऱ्या मुलाला थांबायची संधी देण्यासाठी ती माहिती वापरली, तर तिचं मोल जास्त आहे.

बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे राष्ट्रीय संघच चालवले. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी ११ ते १४ वर्षांच्या, अंदाजित प्रौढ उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या मुलांचे गट करून सामने खेळवले. अंगाने पुढे गेलेल्या मुलांना तिथे ताकदीवर निभावता आलं नाही आणि मागे राहिलेल्यांना चेंडू पायाशी मिळाला. याच इंग्लंडात फुटबॉलपटू जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबने छोटा म्हणून सोडलं होतं. २०१६ मध्ये तो लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला.

प्रौढ उंचीच्या अंदाजासाठी १९९४ ची खामिस-रोश पद्धत वापरतात. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची एवढ्यावर ती चालते. पण तिची बैठक अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांच्या आकड्यांची आहे आणि तिथेही दोनेक सेंटिमीटरचा फरक नेहमीचा. वय चोरलेलं असेल तर सगळंच मुसळ केरात. पोरगं किती उंच होईल, असं वडील हमखास विचारतात. सर आकडा सांगायचं टाळतात.

मुलींच्या वहीला वेगळी काळजी लागते. त्यांची उसळी मुलांच्या दोनेक वर्षं आधी, साधारण बाराव्या वर्षी येते आणि पाळी बहुधा तिच्यानंतर. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलीची सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली, किंवा पंधरावं सरलं तरी आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जावं. सराव जोरात चालल्याची ही खूण मानून सोडून देणारे अजूनही भेटतात. सरावात खर्ची पडणाऱ्या शक्तीच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी बिघडते आणि हाडं ठिसूळ होतात, हे ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्पष्ट मांडलं. पाळीची नोंद बाईंनी किंवा आईने ठेवावी, आणि वजनाचा आकडा मैदानात मोठ्याने वाचू नये.

क्रीडा प्रबोधिनीत किंवा दुसऱ्या जिल्ह्यात निवड झालेल्या मुलाबरोबर सर त्याच्या पानांची झेरॉक्स देतात. नव्या प्रशिक्षकाने ती पाहिली की नाही, हे विचारायला महिन्याभराने फोन करतात.